फेल्ट लावूनही लाकडी फ्लोअरिंगवर ओरखडे परत का येतात?

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. फ्लोअरिंग नवं होतं तेव्हा खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टच्या (दाबून बनवलेल्या मऊ, जाड कापडाच्या) टिकल्या चिकटवल्या, दाराशी पायपुसणं टाकलं, दोन-तीन महिने सगळं छान चाललं. मग एका संध्याकाळी तिरपं ऊन आत आलं आणि टेबलाभोवती बारीक बारीक चंद्रकोरी चमकल्या. ओरखडे घालवण्याची बाटली आणली, पुसलं, आठवडाभर बरं दिसलं, आणि पुन्हा तेच.

आमच्याकडे हे तीनदा झालं. तिसऱ्या वेळी वैतागून खुर्ची उलटी केली आणि टिकलीवरून बोट फिरवलं, तर बोटाला पॉलिश पेपरसारखी खरखर लागली. चार महिन्यांत त्या मऊ फेल्टने जमिनीवरची सगळी वाळू उचलून पोटात घेतली होती. कुंपणच शेत खात होतं.

तेव्हा ओरखडे परत परत येत असतील, तर आधी बाटल्या बाजूला ठेवा आणि ओरखडा नीट बघा. तो कशाने झाला हे त्याच्या आकारावरून बऱ्यापैकी कळतं.

ओरखडा नेमका कशावर पडलाय?

लाकडी जमिनीवर चालताना पाय लाकडाला लागतच नाही, लागतो तो वरच्या थराला. पुष्कळ घरांत हा थर पॉलीयुरेथेनचा असतो, पॉलिशवाले त्याला नुसतं ‘पीयू’ म्हणतात. त्याचे तीन हात दिले तरी जाडी भरते ती एखाद्या कागदाच्या पानाएवढी. कारखान्यातच फिनिश होऊन आलेल्या फळ्यांवर बरेचदा ॲल्युमिनियम ऑक्साइड मिसळलेला, जास्त टणक थर असतो. काही ठिकाणी हार्डवॅक्स तेल, म्हणजे तेल आणि मेणाचं मिश्रण असतं, ते लाकडात मुरतं आणि वर फारसा थर धरत नाही. आपल्याकडे यातलं कुठलं आहे हे माहीत नसेल तर आधी शोधून काढा, कारण दुरुस्ती त्यावर ठरते.

आता बोट ओलं करून ओरखड्यावरून फिरवा. ओला असताना तो दिसेनासा झाला आणि सुकल्यावर परत आला, तर तो फक्त फिनिशमध्ये, म्हणजे या वरच्या थरात आहे. थर चिरला की त्या चिरेत प्रकाश विखुरतो, म्हणून ओरखडा पांढरट दिसतो. पाण्याने चीर भरली की पांढरेपणा जातो. ओलं करूनही रेघ आजूबाजूपेक्षा फिकटच राहिली, तर खालचा रंगही गेलाय. आणि नख आडवं फिरवल्यावर अडकलं, तर लाकूड चिरलंय. आपण ज्यांची धास्ती घेतो त्यातले बरेचसे ओरखडे पहिल्या प्रकारचे निघतात.

आणखी एक परीक्षा जास्त वर्दळीच्या जागी करायची. पाण्याचे दोन-चार थेंब टाकून पाच मिनिटं थांबा. थेंब तसेच गोल बसून राहिले तर फिनिश शाबूत आहे. पाणी पसरलं, खालचं लाकूड काळपट झालं, तर तिथला थर झिजून गेलाय. अशा जागी फेल्ट, गालिचे वगैरे नंतर. आधी नवा थर द्यावा लागेल.

इथे हमखास ऐकू येणारं एक वाक्य म्हणजे, ‘अजून टणक लाकूड घ्यायला हवं होतं.’ लाकडाचा टणकपणा मोजण्याची रूढ पद्धत लाकडाचे संशोधक गॅब्रिएल जांका यांनी १९०६ मध्ये मांडली. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी अर्धी आत रुतवायला किती जोर लागतो, तो आकडा. अमेरिकन अक्रोडाचा आकडा साधारण १०१० पाउंड, रेड ओकचा १२९०, हार्ड मेपलचा १४५०, हिकरीचा १८२०. पण ही परीक्षा पोचा पडेल का ते सांगते, ओरखड्याबद्दल फारसं काही सांगत नाही. अक्रोड असो की हिकरी, वर तोच पीयू असेल तर वाळूचा कण दोन्हींना सारखाच ओरबाडतो. उलट मेपलसारख्या गुळगुळीत, सपाट दिसणाऱ्या लाकडावर ओरखडा उठून दिसतो आणि ओकच्या ठसठशीत रेषांत तो लपून जातो. काळपट रंग आणि आरशासारखी चमक ही जोडी तर सगळ्यात चुगलखोर. मॅट किंवा सॅटिन फिनिशवर ओरखडे कमी पडतात असं नाही, कमी दिसतात. रोजच्या जगण्यात तेवढंही पुष्कळ असतं.

आकार बघा, आरोपी सापडेल

टेबलाभोवती लहान चंद्रकोरी किंवा आखूड, एकाच दिशेच्या रेघा असतील तर खुर्च्यांचे पाय. दारापासून आत येणाऱ्या वाटेवर वेगळा ओरखडा असा दिसत नाही, पण सगळी पट्टीच धुरकट, निस्तेज वाटते. ती पायांखाली भरडलेल्या वाळूची. दाराजवळ पाव वर्तुळाची एकच लांब रेघ दिसली तर दार उघडून त्याच्या खालच्या पट्टीत हात घाला, बारीक खडा अडकलेला सापडेल. (दार खाली घासतंय अशी समजूत करून घेऊन बिजागऱ्या बदलणारे लोक मी पाहिलेत.) संगणकाच्या टेबलाखाली खोलगट, मळकट वर्तुळ म्हणजे खुर्चीची चाकं. तीन-चार समांतर, आखूड रेघांचे झुबके, तेही वळणावर आणि खिडकीसमोर, म्हणजे कुत्र्याची नखं. लांबच लांब दोन समांतर रेघा खोलीभर फिरताना दिसल्या, तर व्हॅक्यूम क्लीनर उलटा करा. चाकात काहीतरी रुतलेलं असणार.

एक फसवा प्रकार मात्र लक्षात ठेवा. ओरखडे सगळ्या फळीवर नसून फक्त फळ्यांच्या कडांवरच असतील, तर हात फिरवून बघा. कडा उचललेल्या आणि मध्य खोलगट लागला, तर मूळ दुखणं ओलीचं आहे. फळीची खालची बाजू जास्त ओल शोषते, फुगते, कडा वर येतात आणि वर आलेलं आधी घासलं जातं. अशा वेळी आधी खालची ओल शोधा. फळ्या सुकून सपाट होण्याआधी घाईने रंधून घेतल्या, तर पुढे त्या सुकल्यावर मध्ये उंचवटे राहतात.

खरा गुन्हेगार वाळू

फर्निचरला आपण बोल लावतो, पण पुष्कळदा ते निमित्तमात्र असतं. धुळीतल्या वाळूत क्वार्ट्झ असतो. खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्स मापात त्याचा क्रमांक ७, साध्या पोलादी सुरीच्या पात्याचा साडेपाचच्या आसपास. जी वाळू सुरीला ओरखडते तिच्यापुढे पीयूचा काय पाड! ॲल्युमिनियम ऑक्साइड ९ वर आहे खरा, पण फ्लोअरिंगच्या थरात त्याचे सुटे कण रेझिनमध्ये, म्हणजे थर बांधून ठेवणाऱ्या राळेसारख्या द्रव्यात विखुरलेले असतात. मधलं रेझिन मऊच, त्यामुळे तो थर चिवट असला तरी अभेद्य नाही.

म्हणून पहिली लढाई दाराशी. एक पायपुसणं पुरत नाही, दोन लागतात. बाहेर खरखरीत, तळव्याची माती खरवडून काढणारं. आत कापडी, लांबट, ज्यावर दोन्ही पाय निदान दोन-दोनदा पडतील असं. उंबऱ्याएवढं लहान पायपुसणं लोक ओलांडून जातात, पुसत नाहीत. पायपुसणं भरलं की ते वाळू घेणं थांबवतं आणि द्यायला लागतं, म्हणून आठवड्यातून एकदा बाहेर नेऊन झटका. झटकताना त्याच्या खालची जागाही झाडा. ही जागा कोणीच झाडत नाही, आणि विणीतून गळलेली सगळी वाळू तिथेच बसलेली असते. बूट-चपला दाराशीच निघाल्या तर अर्धं काम झालं.

दुसरी गोष्ट पुसण्याच्या क्रमाची. आधी कोरडं, मग ओलं, आणि तेही जेमतेम ओलं. न झाडता थेट ओलं फडकं फिरवणं म्हणजे वाळू कालवून जमीन घासणं. येण्याजाण्याच्या वाटेवर मायक्रोफायबरचा कोरडा मॉप रोज फिरवा, बाकी खोलीत दोन-तीन दिवसांनी चालेल. व्हॅक्यूमचा फिरता ब्रश बंद ठेवा किंवा मऊ केसांचं तोंड लावा. ओलं पुसताना फडकं इतकं पिळलेलं हवं की मागे राहिलेली ओल मिनिटभरात सुकावी. स्टीम मॉप लाकडासाठी नाहीच. गरम वाफ सांध्यांतून आत शिरते. व्हिनेगरचं पाणीही नको. एकदा वापरल्याने काही होत नाही, पण आम्ल वारंवार लागून चमक उतरत जाते, आणि मग उतरलेली चमक आणण्यासाठी लोक मेण लावतात. त्या मेणाचा घोळ पुढे सांगते.

फेल्ट लावायचं कसं

हा भाग सगळ्यात जास्त चुकतो. चिकटवायच्या टिकल्या रोज सरकणाऱ्या खुर्चीसाठी बनलेल्याच नसतात. त्या कपाटाखाली, दिवाणाखाली, म्हणजे एका जागी बसणाऱ्या सामानाखाली वर्षानुवर्षं टिकतात. खुर्ची मात्र दिवसातून दहा वेळा मागे-पुढे होते. आडव्या रेट्याने टिकली सरकते, उघड्या पडलेल्या गोंदाला वाळू चिकटते, आणि आपल्याला वरून काही दिसत नाही.

तरी चिकटवायच्याच असतील तर पायाचा तळ आधी पॉलिश पेपरने हलका घासा, स्पिरिटने पुसा, सुकू द्या, मग टिकली मिनिटभर दाबून धरा आणि खुर्ची एक दिवस उलटीच ठेवा. हा एक दिवस गाळला की सगळं व्यर्थ. टिकली पायाच्या तळाएवढी हवी. पायापेक्षा मोठी असेल तर कडा दुमडतात, फार लहान असेल तर पाय तिच्यावरून घसरून उघड्या कडेवर येतो.

रोजच्या खुर्च्यांना खिळ्याने किंवा स्क्रूने बसणारं जाड फेल्ट बरं. पण स्क्रूचं डोकं फेल्टमध्ये खोल बुडालेलं पाहिजे, कारण फेल्ट झिजलं की तेच डोकं नांगराच्या फाळासारखं काम करतं. आधी बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर पाय तडकतो. तिरप्या पायांच्या खुर्चीत सपाट टिकली एकाच कडेवर टेकते आणि तिथेच झिजते. त्यासाठी हलत्या सांध्याचे फेल्ट-बूट मिळतात, तळ पायाच्या कोनाप्रमाणे वळतो. लोखंडी नळीच्या पायांना बाहेरून चढवायच्या टोप्या, तळाला फेल्ट असलेल्या. साध्या रबरी टोप्या मात्र नकोत. रबरातली द्रव्यं काही फिनिशमध्ये उतरून पिवळे-तपकिरी डाग पाडतात आणि ते डाग पुसून जात नाहीत.

काहीही लावलं तरी महिन्यातून एकदा खुर्ची आडवी करून तळ बघा. जुन्या टूथब्रशने फेल्ट झाडा किंवा व्हॅक्यूमची नळी फिरवा. बोटाला खरखर लागली, फेल्ट चपटं होऊन चकचकीत दिसायला लागलं, की बदला. रोज बसण्याच्या खुर्च्यांना हे तीन ते सहा महिन्यांत लागतं. मी आमच्या खुर्च्यांच्या तळाशी पेन्सिलीने महिना लिहून ठेवते. घरचे हसतात, हसू देत.

चाकं, गालिचे, नखं, टाचा

चाकाच्या खुर्चीत फरक चाकाचा असतो. युरोपीय मानकात चाकांचे दोन प्रकार केलेत. ‘एच’ म्हणजे कठीण चाक, गालिच्यासाठी. ‘डब्ल्यू’ म्हणजे मऊ धावेचं (बाहेरच्या कड्याचं) चाक, टणक जमिनीसाठी. ओळखायची खूण सोपी आहे. एच प्रकारचं चाक पूर्ण एकरंगी असतं, डब्ल्यूमध्ये बाहेरची धाव चाकापेक्षा वेगळ्या रंगाची. खुर्चीबरोबर आलेली चाकं एकरंगी कठीण प्लास्टिकची असतील तर काढून दुसरी बसवा. दांड्याची जाडी जुळली की झालं. खाली चटई टाकायची असेल तर तळाला काटे नसलेली, टणक पॉलिकार्बोनेटची घ्या, आणि तिच्याखालीही वाळू जाते हे विसरू नका.

गालिच्याचा तळ उलटून बघा. रबर, लेटेक्स किंवा पीव्हीसीचा थर असेल तर तो थेट फिनिशवर नको, त्याचे डाग पडतात. लाकडी जमिनीला चालेल असं ज्यावर स्पष्ट लिहिलंय असंच अस्तर घ्या. गालिचा अधूनमधून थोडा सरकवत राहा. उजेडाने लाकडाचा रंग बदलतो, चेरी गडद होतं, अक्रोड फिकटतं, आणि वर्षानंतर गालिचा काढला की खाली त्याचाच नकाशा उमटलेला असतो.

कुत्रं चालताना फारसं नुकसान करत नाही. धावायला सुरुवात करताना आणि वळताना नखं रोवतं. त्यामुळे अख्खी खोली झाकण्यापेक्षा तेवढ्या दोन-तीन जागी लांबट चटई टाका आणि नखं वेळच्या वेळी कापा. उंच बारीक टाचेचं गणित तर साधं आहे. ६० किलोचा माणूस एका टाचेवर आला आणि टाचेचं टोक एक चौरस सेंटिमीटर असलं, तर तेवढ्या जागेवर पूर्ण ६० किलो. त्यातून टाचेची टोपी झिजून आतला खिळा बाहेर आला असेल तर विचारूच नका.

जड कपाट हलवताना ‘थोडंसंच तर सरकवायचंय’ हे वाक्य मनात आलं की थांबा. सामान रिकामं करा, उचला, खाली जाड घोंगडी सरकवा, मग ओढा. चाकांवरचं जड यंत्र न्यायचं असेल तर खाली प्लायवूड किंवा हार्डबोर्ड अंथरा, आणि अंथरण्याआधी जमीन झाडा. चिकटपट्टी थेट फिनिशवर लावू नका; निघताना ती थर घेऊन निघते.

पडलेल्या ओरखड्यांचं काय करायचं

पहिला नियम, पीयूवर मेण किंवा सिलिकॉनवालं चमकदार पॉलिश लावायचं नाही. चार दिवस सुंदर दिसतं, मग त्यावर पावलं उमटतात, निसरडं होतं. मोठा तोटा पुढे येतो. कधीतरी नवा थर द्यायची वेळ येते तेव्हा त्या जागी पीयू धरत नाही, सोलून निघतं किंवा माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. मग पूर्ण घासून काढण्यावाचून इलाज नाही. एका बाटलीपायी हे होताना मी जवळून पाहिलंय.

फिनिशमधले बारीक ओरखडे थोडे असतील तर सोडून द्या. पुष्कळ झाले, वाट धुरकट झाली, पण पाण्याचा थेंब अजून टिकतोय, तर हीच योग्य वेळ. जुना थर घासायच्या बारीक खरखरीत जाळीने नुसता खरवडून त्यावर एक हात द्यायचा. लाकडाला हात लागत नाही, धूळ कमी, काम लवकर. थर पूर्ण झिजेपर्यंत थांबलात तर ही सोय हातची जाते.

रंग गेलेल्या रेघेवर रंगाचं पेन चालतं. आपल्या फळीपेक्षा एक छटा फिकटच घ्या, कोपऱ्यात करून बघा, लावल्या लावल्या पुसा. गडद रेघ फिकट रेघेपेक्षा जास्त डोळ्यात भरते. नख अडकेल एवढा खोल चर टणक मेणाच्या कांडीने भरा आणि वरचं जास्तीचं मेण प्लास्टिकच्या कार्डाने खरवडा. चराबाहेर सांडलेलं मेण राहू देऊ नका, कारण वरचंच. पोचा पडलाय पण लाकडाचे धागे तुटलेले नाहीत, अशा जागी ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री क्षणभर टेकवली की दबलेले धागे फुगून वर येतात. हे तेल लावलेल्या किंवा उघड्या लाकडावर छान होतं. पीयू शाबूत असेल तर वाफ आत जात नाही, उलट थर पांढरा पडतो, तेव्हा तिथे हा प्रयोग नको. तेलाच्या फ्लोअरिंगचा एक फायदा असा की तेवढीच जागा घासून तेल लावता येतं. पीयूत ठिगळ दिसतं.

पूर्ण घासायचं ठरलं तर आधी फळीची जाडी विचारा. १९ मिलिमीटरची भरीव फळी आयुष्यात अनेकदा घासता येते. इंजिनिअर्ड (खाली प्लायसारखे थर असलेल्या) फळीवर खऱ्या लाकडाचा पापुद्रा २ ते ६ मिलिमीटरचा, कधी त्याहून पातळ. २ पेक्षा कमी असेल तर यंत्र लावूच नये. आणि लॅमिनेट असेल तर घासायचा प्रश्नच नाही, तिथे लाकूड दिसतं ते छापील कागदावर.

नवा थर दिल्यानंतरचे दिवस सर्वात नाजूक. हाताला सुकला म्हणजे पिकला असं नाही. पाण्यावर आधारित पीयू असेल तर साधारण एका दिवसाने मोजे घालून चाला, दोन-तीन दिवसांनी फर्निचर उचलून आत आणा, गालिचे एक-दोन आठवडे नकोत. तेलावर आधारित पीयू असेल तर गालिच्याला महिनाभर थांबा. डब्यावर जास्त दिवस लिहिले असतील तर ते पाळा. खुर्च्या बाहेर आहेत तोवर त्यांच्या जुन्या टिकल्या खरवडून काढा आणि नवीन लावा. नव्या थरावर पहिल्याच दिवशी मागच्या वर्षीची वाळू फिरायला नको.